ताई म्हणते तेवढीच

आमच्या घरात दारू हा शब्द उच्चारायची पद्धत नव्हती. माझा धाकटा भाऊ 'घ्यायचा', एवढंच. काय घ्यायचा ते कुणी विचारत नसे आणि कुणी सांगत नसे. घेतलेल्या दिवशी 'आज त्याचं पोट ठीक नाही' आणि फारच घेतलेल्या दिवशी 'आज तो दमलाय'. आई आणि तो डोंबिवलीला राहतात, मी लग्न होऊन कल्याणला आले, त्यामुळे त्याच्या पोटाच्या बातम्या मला फोनवर मिळायच्या. सहा वर्षं मी त्या पोटासाठी ओव्याचा अर्क पाठवला, हिंगाच्या गोळ्या पाठवल्या, एकदा तर होमिओपॅथीचा अख्खा कोर्स पाठवला. मला कळत नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे कळणं आणि बोलणं यांत बरंच अंतर ठेवतात.

भाऊ मानपाड्याच्या बाजूला रंगांच्या एका कंपनीत केमिस्ट होता. लॅबमध्ये थेंब मोजायचं काम, आणि ती सवय घरीसुद्धा. चहात साखर घालताना चमचा बोटाने सपाट करून घेणार, आईने 'घाल रे अंदाजाने' म्हटलं की वैतागणार. पुढे ती कंपनी बंद झाली. दुसऱ्या ठिकाणी लागला, तिथे टिकला नाही. मधल्या काळात त्याच्यासाठी मुली बघण्याचा कार्यक्रमही आम्ही उरकत होतो आणि माहितीच्या कागदावर मी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात 'निर्व्यसनी' लिहीत होते. त्या कागदाच्या जोरावर लग्न जमलं नाही हे त्या मुलींचं नशीब.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईकडे शंकरपाळे करायला गेले होते. सकाळी नऊच्या सुमारास भाऊ स्वयंपाकघरात आला, चहाचा कप त्याने दोन्ही हातांनी धरला, तरी अर्धा चहा ओट्यावर सांडला. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "ताई, मला ठाण्याला ने."

मला आधी हसूच आलं. ठाण्याला नेणं म्हणजे काय हे आमच्या पिढीला सांगायला नको. लहानपणी जरा कुणी वेडेपणा केला की त्याला ठाण्याला, म्हणजे तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात, पाठवायची धमकी मिळे, आणि ह्याला तर ती दिवसातून चारदा मीच द्यायचे. पण तो हसत नव्हता.

"सोडायचीये मला," तो म्हणाला. "तीनदा ट्राय केलं. एकट्याने नाही होत. आता नाही सोडली तर मी काही जगत नाही गं."

आईने शंकरपाळ्यांचा गॅस बंद केला आणि मला म्हणाली, "त्याचं पोट फारच बिघडलंय, घेऊन जा."

त्या धमकीतल्या ठाण्याला आम्ही गेलो नाही. ठाण्यातल्याच दुसऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर मानसोपचाराचा वॉर्ड आहे, तिथे व्यसनाचे पेशंटही घेतात. पण बिल्डिंगीत ठाणे म्हणजे ठाणेच, म्हणून निघण्याआधी मी पहिल्या मजल्यावरच्या काकांना सांगून टाकलं की ह्याला कावीळ झाली आहे. हा माझा पहिला मूर्खपणा. काका परोपकारी. दुसऱ्याच दिवशी ते खडवलीला जाऊन कुणा वैद्याकडून काविळीची मुळी घेऊन आले आणि ती आईच्या हातात ठेवून बसून राहिले, 'कशी द्यायची ते तुम्हाला नीट सांगतो' म्हणून. शिवाय काविळीच्या घरी तळलेलं कसं द्यायचं, या विचाराने त्या वर्षी आईकडे कुणाच्याच घरून फराळाचं ताट आलं नाही. चकल्यांवर पाणी सोडावं लागलं याचं दुःख तिने मला रोज फोनवर सांगितलं.

वॉर्डाचा नियम असा की प्रत्येक पेशंटबरोबर घरचं एक माणूस राहिलंच पाहिजे. दारातच सिस्टरने माझी पिशवी उपसली. फळं कापायची सुरी, साडीच्या पिना, लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी, सगळं काढून घेतलं. लोणच्याबद्दल मी वाद घातला. "पेशंट शांत आहे मॅडम, तुम्हीच जरा बसा," असं सिस्टर म्हणाली. पुढच्या बारा दिवसांत मला कळलं की त्या वॉर्डात पेशंट सांभाळणं सोपं, नातेवाईक सांभाळणं अवघड.

मग डॉक्टर आल्या. वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनी शोभतील अशा, पण नजर शांत. भावासमोर स्टूल घेऊन बसल्या आणि त्यांनी विचारलं, "दादा, रोज किती पिता?"

मी सव्वीस वर्षं शाळेत शिकवते. प्रश्न विचारला गेला आणि समोरचा गप्प आहे, हे मला बघवतच नाही. शिवाय प्रश्न आमच्या घराचा. मी म्हटलं, "रोज नाही हो! आठवड्यातून दोनदा. एखादा पेग. तोही मित्रांनी आग्रह केला तर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. "तुम्ही सांगा दादा."

भावाने माझ्याकडे पाहिलं. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, पण नजर अशी की गृहपाठ केलाय की नाही हेही मीच सांगावं. "ताई म्हणते तेवढीच," तो म्हणाला.

"हे मी औषध किती द्यायचं ते ठरवण्यासाठी विचारतेय," डॉक्टर म्हणाल्या. "दारू एकदम बंद झाली की शरीर बंड करतं. ते आवरायला औषध लागतं, आणि ते पिण्याच्या हिशेबाने ठरतं. कमी सांगितलंत तर औषध कमी पडेल. मग जिवावर बेतू शकतं."

"हो हो, कळलं," मी म्हटलं. शाळा तपासायला साहेब येतात तेव्हा मी ज्या सुरात बोलते, त्याच सुरात. डॉक्टर काहीतरी लिहून गेल्या. भावाचा हात थरथरत होता आणि मला मात्र घरची अब्रू राखल्याचं समाधान वाटत होतं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे काका होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची बायको. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या मावशी. केसांत फूल, गळ्यात ठसठशीत माळ, आवाज मासळीबाजारात कमावलेला. डॉक्टरांनी तोच प्रश्न त्यांच्या नवऱ्याला विचारला आणि तो बोलायच्या आत मावशींनी जमिनीपासून गुडघ्यापर्यंत हात वर नेऊन दाखवला. "एवरा! खंबा! आख्खी बाटली! रोज! आन् सनाला दीड!" सगळा वॉर्ड हसला, काकाही हसले. मला त्यांच्या वतीने लाज वाटली. असं कुणी बोलतं का चारचौघांत, असं मी मनात म्हटलं आणि भावाची चादर उगीचच सरळ केली.

मावशींनी मला पहिल्याच दिवशी जोखलं. "मास्तरीण हाय ना तू? डाक्टरला खोटा सांगाचा नाय गो बाय. डाक्टरला आन् देवाला."

"आमचं तसं काही नाही मावशी," मी म्हटलं.

"आमचा बी पयला तसा काय नव्हता," म्हणाल्या, आणि त्यांनी मला डब्यातली तांदळाची भाकरी दिली. बरोबर सुकट होती. वॉर्डात सुकटीला मनाई नव्हती, कारण ती कुणी आणेल असं नियम करणाऱ्यांना सुचलंच नव्हतं.

दोन दिवस बरे गेले. भावाला घाम यायचा, भूक नव्हती, पण बोलत होता. मी मनात म्हटलं, बघा, आमचं खरंच थोडंसं होतं. म्हणजे माझं खोटं आता मलाही पटायला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मोसंबं सोलत होते. तो खाटेवर बसून चादरीवरून काहीतरी वेचत होता, दोन बोटांनी, अगदी जपून.

"काय रे?"

"क्रिस्टल सांडलेत, मॅडम. शिफ्ट बदलायच्या आधी भरायला पाहिजेत."

मला मॅडम म्हणाला. मला वाटलं चेष्टा करतोय. मी म्हटलं, "भर मग, आणि रजिस्टरवर सही कर." त्याने गंभीरपणे मान हलवली, हवेतच एक नळी धरली, खिडकीच्या उजेडासमोर नेऊन डोळे बारीक करून वाचली. त्याच्या हातात काहीच नव्हतं. माझ्या हातातली मोसंब्याची फोड खाली पडली.

मग तो एकदम उठला. "गॅस लीक झालाय! सगळे बाहेर! बाहेर पडा!" शेजारच्या काकांचा दंड धरून त्याने त्यांना उठवलं. काका अर्धवट झोपेत होते, तेही 'चला' म्हणून निघाले आणि चपला शोधू लागले. एरवी मी पोट धरून हसले असते. पण भावाचा चेहरा घामाने थबथबला होता, डोळे मला ओळखत नव्हते. मी आडवी गेले तर त्याने मला ढकललं आणि मी खाटेच्या दांडीवर आपटले. लहानपणापासून माझ्यावर हात उगारायची त्याची कधी छाती झाली नव्हती. सिस्टर, दोन वॉर्डबॉय मामा आणि मावशी, चौघांनी मिळून त्याला धरलं. तो ओरडत होता की आत माणसं अडकलीत, त्यांना काढा. त्याला खरंच आपण कुणालातरी वाचवतोय असं वाटत होतं.

इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, आता मला खरं सांगा. रोज किती?"

"रोज... असेल कदाचित. दोन पेग?"

तेव्हासुद्धा! भाऊ पलीकडे बांधलेल्या हातांनी तडफडत होता आणि मी अजून आकडा खाली ओढत होते. मावशींना राहवलं नाही. "अगो मास्तरीण, तुझा भाऊ मराला टेकलाय, आन् तू भाजीवालीशी करावी तशी घासाघीस करतंस?"

तेव्हा मला रडू फुटलं. आणि रडता रडता लक्षात आलं की खरा आकडा मला माहीतच नाही. सहा वर्षं न विचारण्याची शिकस्त केल्यावर तो माहीत असणार कुठून? मी आईला फोन लावला.

"पोट कसं आहे त्याचं?" आईने विचारलं.

"आई, रोज किती प्यायचा तो?"

आई अगदी हळू म्हणाली, "तीन. त्या चपट्या असतात ना छोट्या, त्या. रविवारी चार."

"तुला कसं माहीत?"

"मीच टाकून येते ना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्या बिल्डिंगीचा कचरा उचलणारी बाई सगळ्या घरांत जाते, तिला दिसायला नको. म्हणून माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, जिला जिना उतरताना गुडघ्याला हात लावावा लागतो, त्या बाटल्या रोज वर्तमानपत्रात गुंडाळायची, भजनाच्या पिशवीत टाळांच्या खाली ठेवायची, आणि दोन गल्ल्या ओलांडून तिसऱ्याच सोसायटीच्या डब्यात टाकून यायची. "टाळ वाजतात ना, त्यात बाटल्यांचा आवाज कळत नाही," असं तिने मला समजावलं. तिला वाटलं मी पद्धत विचारतेय. बिल्डिंगीत तिच्या भक्तीचं फार कौतुक होतं, एवढ्या वयात एकही दिवस भजन चुकवत नाहीत म्हणून.

मला हसू आलं, पण हसवेना. आम्ही दोघी मायलेकी त्याच्या आजारावर केवढ्या मेहनतीने पांघरूण घालत होतो! त्यातली निम्मी मेहनत त्याला बरं करायला लावली असती तर हा दिवस आला नसता.

मी वळले आणि सगळ्या वॉर्डासमोर मोठ्याने म्हटलं, "तीन क्वार्टर. रोज. रविवारी चार. सहा वर्षं." माझा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत निघाला. कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी लिहून घेतलं, औषध वाढवलं, सलाइनमधून काय काय सुरू केलं. दोन दिवस त्या अधूनमधून येऊन त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत, नाडी बघत. मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी सकाळी त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तुझे केस केवढे पिकलेत गं." तो शुद्धीवर आला होता. मी इतकी खूश झाले की पिकलेल्या केसांचा रागही आला नाही.

"मी कुणाला मारलं का?" त्याने विचारलं.

"मला. थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

मी पदर बाजूला करून कोपराजवळचं काळंनिळं दाखवलं. मग मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं. मी डॉक्टरांना खोटं सांगितलं."

"मीही 'ताई म्हणते तेवढीच' म्हटलंच की."

"का पण? तुला तर माहीत होतं."

तो छताकडे बघत म्हणाला, "तू सांगत होतीस ना, दोनदा, एखादा पेग... ऐकायला इतकं छान वाटलं गं. वाटलं, खरंच तेवढीच असती तर! दोन मिनिटं मी तो माणूस झालो."



डॉक्टरांनी मग माझ्यावरही उपचार केले. त्या भावाशी बोलायला आल्या की मी पाण्याचा एक घोट घ्यायचा आणि त्या उठेपर्यंत तो गिळायचा नाही. तोंडात पाणी घेऊन बसलेल्या मला बघून मावशींना उचक्या लागायच्या. पहिल्या दिवशी दोनदा गिळलं, एकदा ठसका लागून सगळं डॉक्टरांच्या फायलीवर. पण त्या चार दिवसांत मी भावाला जेवढं ऐकलं तेवढं सबंध आयुष्यात ऐकलं नव्हतं. कंपनी बंद झाली त्या दिवशी तो लॅबच्या चाव्या परत करायला विसरला होता आणि अजून त्या त्याच्याकडे आहेत, हे मला तिथे कळलं. त्याला झोप लागत नाही हे कळलं. तो माझ्याशी खोटं का बोलत नाही, तर त्याला बोलायला वेळच मिळत नाही, हेही कळलं. हे वाक्य त्याने डॉक्टरांना सांगितलं, मी समोर बसलेली असताना, गाल फुगवून.

बाराव्या दिवशी सोडलं. मावशींचा नवरा आमच्या आधी दोन दिवस बरा होऊन घरी गेला होता. जाताना त्या मला म्हणाल्या, "आता घरी जाऊन त्याचा वास घेत नको बसू. मी लय वास घेतले. नाक जाता, दारू नाय जात."

मी अर्थातच वास घेतला. शनिवारी आईकडे गेले की 'शर्टाची इस्त्री बघू' म्हणून जवळ जायचे, 'केसात काय अडकलंय' म्हणून जवळ जायचे. तिसऱ्या शनिवारी तो म्हणाला, "ताई, सरळ तोंड उघडतो, हुंग." तेव्हा बंद केलं. तो गोळ्या घेत होता. कल्याणजवळ मोहने गावात एका छोट्या कारखान्यात त्याला पाण्याचे नमुने तपासायचं काम मिळालं. आठवड्यातून दोनदा कल्याणला व्यसनमुक्तीच्या गटात जाऊन बसायचा. आई खरोखर भजनाला जाऊ लागली आणि तिथे तिला कुणी ओळखेना. चार महिने मी देवाला काही मागितलं नाही, नजर लागेल म्हणून.

आणि मग मार्चमध्ये, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला. मी शिक्षकखोलीत होते, डबा उघडलेला.

"ताई, काल प्यायलो."

मी डब्याचं झाकण लावून टाकलं.

"दीड क्वार्टर. दोनशे सत्तर मिली," तो म्हणाला. "त्यानंतर नाही. सकाळी नऊपर्यंत विचार केला, आता हॉस्पिटलात आलोय. ओपीडीत. केसपेपर काढलाय, पुढे अकरा जण आहेत."

"मी निघते," मी म्हटलं.

"नको. ॲडमिट केलं आणि माणूस लागलं तर सांगेन. आईला मी सांगून आलोय, काय झालं ते नीट सांगितलं. रडली. पण चहा करून दिला." मग म्हणाला, "ताई, मला फार भीती वाटते गं. पण मी आलोय."

"हो," मी म्हटलं. एवढंच. त्याने फोन ठेवला.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारच्या बाईंनी खांद्यावर हात ठेवला. "काय झालं? आईंना काही?"

आईचं बीपी, भावाची कावीळ, भाच्याचा अपघात, सगळी उत्तरं जिभेवर तयार होती. माझ्याइतका त्यांचा साठा त्या खोलीत कुणाकडेच नसेल.

"माझा भाऊ दारुडा आहे," मी म्हटलं. "चार महिन्यांनी काल प्यायला. आज आपल्या पायांनी हॉस्पिटलात गेलाय."

मुख्याध्यापक दारातून म्हणाले, "बाई, तुम्ही जा, तास आम्ही बघतो." मला जायचं होतं. पिशवी उचलून धावत सुटायचं होतं, त्या रांगेत त्याच्या पुढे उभं राहायचं होतं, डॉक्टरांनी काही विचारायच्या आत सगळं सांगून टाकायचं होतं.

"नको सर," मी म्हटलं. "त्याने बोलावलेलं नाही." आणि डोळे पुसून मी सातवीच्या वर्गावर गेले.